मालवाहू विमान निवृत्त होतं, तेव्हा त्याच्या वैमानिकाचं काय होतं?

४ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या लुईव्हिल विमानतळावरून यूपीएस कंपनीचं मालवाहू विमान होनोलुलूला निघालं. धावपट्टीवरून उचलत असतानाच त्याचं डावं इंजिन, ते पंखाला ज्या सांगाड्याने टांगलेलं असतं त्या सांगाड्यासकट, तुटून पडलं. विमानतळाच्या कुंपणाबाहेर जाताच विमान कोसळलं. आतले तिन्ही वैमानिक गेले आणि खाली काम करत असलेली अनेक माणसंही गेली. ते विमान एमडी-११ जातीचं होतं. १९९१ मध्ये थाई एअरवेजसाठी प्रवासी विमान म्हणून बांधलेलं, नंतर बदल करून मालवाहू केलेलं.

काही दिवसांतच अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, म्हणजे एफएएने, एमडी-११ जातीची सगळी विमानं तपासणी होईपर्यंत उडवू नयेत असा तातडीचा आदेश काढला. पुढे जानेवारी २०२६ मध्ये यूपीएसने सांगून टाकलं की ही विमानं आता परत उडणारच नाहीत, ताफ्यातून ती कायमची काढली आहेत. यूपीएसच्या ताफ्यात त्यांचा वाटा सुमारे ९ टक्के होता.

अपघाताच्या कारणांवर पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते व्हायलाच हवं होतं. मात्र त्याच्या शेजारीच एक प्रश्न उभा होता, त्याकडे फार कमी लोकांनी पाहिलं. एमडी-११ उडवणारे बाकीचे वैमानिक तर होतेच ना? त्यांची तब्येत ठणठणीत, परवाने चालू, अनुभव वीस-वीस वर्षांचा. फक्त त्यांना उडवता येणारं विमान एका आठवड्यात नाहीसं झालं. अशा माणसाची नोकरी जाते का?

मोठ्या कंपनीत बहुधा जात नाही. जाते ती त्या नोकरीतली त्याची जागा: डावी (कॅप्टनची) खुर्ची की उजवी (को-पायलटची), कोणत्या गावातून ड्यूटी सुरू होणार, महिन्याचे किती तास, सणाला सुट्टी मिळणार की नाही. आणि ही झळ कोणाला किती बसेल हे त्या वैमानिकाच्या कौशल्यावर जवळजवळ अजिबात ठरत नाही. ते कसं ठरतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

परवाना विमानाच्या जातीला बांधलेला

एसटीच्या चालकाकडे अवजड वाहनाचा परवाना असला की तो आज साधी लालपरी आणि उद्या शिवशाही चालवू शकतो. गाडीची सवय व्हायला थोडे दिवस लागतील, पण आरटीओत पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही. जेट विमानाचं तसं नाही. ५,७०० किलोपेक्षा जड विमान आणि कोणतंही जेट उडवायचं तर त्या विशिष्ट जातीची वेगळी मान्यता परवान्यावर असावी लागते. तिला ‘टाइप रेटिंग’ म्हणतात. एमडी-११ वर दहा हजार तास उडवलेल्या कॅप्टनलाही बोइंग ७६७ च्या खुर्चीत बसण्याआधी नव्याने शिकावं लागतं. आधी वर्गातला अभ्यास, मग सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या हुबेहूब नकली कॉकपिटमध्ये, इंजिन बंद पडणं, आग लागणं, धुक्यात उतरणं असे सगळे सराव, मग परीक्षा. हे सगळं व्हायला साधारण दीड-दोन महिने जातात. त्यानंतरही प्रशिक्षक वैमानिकाच्या देखरेखीखाली खऱ्या फेऱ्यांमध्ये साधारण २५ तास उडवावे लागतात.

अमेरिकेत आणखी एक नियम आहे. कॅप्टन आणि को-पायलट या दोघांपैकी निदान एकाचे तरी त्या जातीच्या विमानावर ७५ तास झालेले असले पाहिजेत. दोन नवखे एकत्र बसवता येत नाहीत. नियम अतिशय शहाणपणाचा आहे, पण ताफा बदलणाऱ्या कंपनीचं वेळापत्रक तो किती घट्ट आवळतो याचा विचार करा. शंभर वैमानिक एकदम नव्या विमानावर न्यायचे, तर त्यांच्या शेजारी बसायला आधीच सरावलेले तेवढेच लोक लागणार.

विमान नुसतं उभं राहिलं तरी घड्याळ थांबत नाही. ९० दिवसांत किमान तीन उड्डाणं आणि तीन उतरणं झाली नाहीत, तर त्या वैमानिकाला फेरीवर पाठवता येत नाही. ही भरपाई सिम्युलेटरमध्ये करता येते. पण म्हणजे उभ्या विमानाच्या वैमानिकांसाठीही सिम्युलेटरचे तास राखायचे आणि दुसरीकडे नव्या विमानाचं प्रशिक्षण घेणाऱ्यांनाही ते द्यायचे.

काही विमानांची रेटिंग्ज मात्र जोडीने चालतात. बोइंग ७५७ आणि ७६७ बाहेरून खूप वेगळी दिसतात, एक सडपातळ आणि एक रुंद, पण दोघांची कॉकपिट जाणूनबुजून सारखी केली होती. त्यामुळे अमेरिकेत एकाच रेटिंगवर दोन्ही उडवता येतात. यूपीएस आणि फेडएक्स या अमेरिकेतल्या दोन्ही मोठ्या कुरिअर कंपन्यांकडे ही जोडी आहे. ७५७ कमी होऊन ७६७ वाढली, तर तिथल्या वैमानिकाच्या आयुष्यात फारशी उलथापालथ होत नाही. एमडी-११ ला असं भावंड उरलेलं नव्हतं. ही विमानं एकूण २०० बांधली गेली, २००१ मध्ये शेवटचं विमान ग्राहकाच्या हाती गेलं आणि बनवणारी मॅकडॉनल डग्लस कंपनी त्याआधीच बोइंगमध्ये विलीन झालेली होती.

ज्येष्ठतेचा क्रमांक

अमेरिकेतल्या विमान कंपन्यांमध्ये प्रत्येक वैमानिकाला रुजू होण्याच्या तारखेनुसार एक क्रमांक मिळतो. त्या एका क्रमांकावर जवळपास सगळं ठरतं. कोणतं विमान, कोणता बेस (म्हणजे ड्यूटी सुरू होण्याचं गाव), कॅप्टन की फर्स्ट ऑफिसर (म्हणजे को-पायलट), कोणत्या महिन्यात रजा, रात्रीची फेरी की दिवसाची. कंपनी जागा जाहीर करते, वैमानिक पसंतीक्रम भरतात. त्याला ते ‘बिड’ म्हणतात. ज्याचा क्रमांक वरचा, त्याला आधी मिळतं.

हा क्रमांक कंपनीबाहेर नेता येत नाही. पंचवीस वर्षं एका कंपनीत काढलेला कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेला, तर तिथे तो यादीत सगळ्यात तळाला आणि बहुधा उजव्या खुर्चीत. इतर क्षेत्रांत अनुभवी माणूस नोकरी बदलताना पगार वाढवून घेतो. इथे अनुभव जितका जास्त, तितकं बाहेर पडणं महाग. त्यामुळे ताफा बदलला म्हणून ज्येष्ठ वैमानिक कंपनी सोडत नाही. तो आहे त्या कंपनीतच दुसऱ्या विमानाकडे सरकतो.

आणि तो सरकला की खालच्या कोणाला तरी सरकावं लागतं.

समजा एमडी-११ वरचा एक कॅप्टन आहे, क्रमांक ६००. त्याचं विमान गेलं. करारानुसार त्याला आपल्या ज्येष्ठतेला झेपेल ती जागा मागता येते. तो लुईव्हिलमधली ७६७ कॅप्टनची जागा मागतो. जागा रिकामी नसेल तर तिथला सगळ्यात कनिष्ठ कॅप्टन, समजा क्रमांक १४००, बाहेर पडतो. हा १४०० वाला मग एअरबस ए३०० या विमानावर कॅप्टन व्हायला बघतो. तिथेही त्याच्यापेक्षा कनिष्ठ कोणी असेल तर तो हलतो, नाहीतर हा स्वतः को-पायलटच्या खुर्चीत परत जातो. तिथून आणखी खालचा एक जण हलतो. शेवटी यादीच्या तळाला, दोन वर्षांपूर्वी रुजू झालेला तरुण वैमानिक उरतो. त्याला जायला जागाच नसते.

या साखळीत ज्या माणसाचं विमान निवृत्त झालं तो सुखरूप राहिला, आणि ज्याने एमडी-११ कधी जवळून पाहिलंही नसेल त्याची खुर्ची गेली. ताफ्याच्या बातम्या वाचताना ही गोष्ट हमखास नजरेतून निसटते. बातमी येते ‘अमुक जातीची विमानं काढली’, आणि आपण समजतो की झळ त्या विमानाच्या वैमानिकांना बसणार.

शिवाय या साखळीतल्या प्रत्येक कडीला नवं प्रशिक्षण लागतं. एक जागा कमी झाली तर तीन-चार जणांना सिम्युलेटरमध्ये पाठवावं लागतं. शिकत असताना त्यांना पगार चालू, काम मात्र शून्य. म्हणून वैमानिक जास्त झाले की मोठ्या कंपन्या आधी वरच्या टोकाला हात घालतात: ‘आत्ताच निवृत्त व्हा, तुम्हाला इतकी रक्कम देतो.’ यूपीएसने २०२३ मध्ये आपल्या वैमानिकांपुढे अशी स्वेच्छानिवृत्ती ठेवली होती. वरचा एक माणूस स्वखुशीने गेला की खालच्या अख्ख्या साखळीचं सरकणं वाचतं. मला हा मार्ग सगळ्यात माणुसकीचा वाटतो, आणि कंपनीलाही तो अनेकदा स्वस्त पडतो.

ते पुरलं नाही की शेवटी ‘फर्लो’. म्हणजे बिनपगारी घरी बसवणं. यात नाव यादीतून जात नाही. पुढे जागा निघाल्या की ज्येष्ठतेच्या क्रमाने परत बोलावण्याचं बंधन कंपनीवर असतं. २०१० मध्ये, जागतिक मंदीच्या पाठोपाठ, यूपीएसने शंभराहून थोड्या अधिक वैमानिकांना असं घरी बसवलं होतं. आधी जाहीर केलेला आकडा बराच मोठा, ३०० चा होता. वैमानिकांच्या संघटनेशी बोलणी होऊन तो खाली आला.

पगार विमानावर की खुर्चीवर?

ताफा बदलल्यावर खिशाला किती कात्री लागेल हे पगाराची रचना ठरवते. अनेक विमान कंपन्यांमध्ये मोठ्या विमानाला मोठा दर असतो. तिथे मोठं विमान जाऊन लहान आलं की त्याच खुर्चीत बसून पगार कमी होतो. यूपीएसमध्ये मात्र कॅप्टनला सगळ्या विमानांवर एकच दर आहे, आणि फर्स्ट ऑफिसरलाही त्याच्या खुर्चीचा एकच दर. एमडी-११ वरून ७६७ वर आलेल्या यूपीएसच्या कॅप्टनचा तासाचा दर घटत नाही. फेडएक्समध्ये अरुंद आणि रुंद विमानांचे दर वेगळे आहेत, त्यामुळे तिथे ७५७ वर जावं लागलं तर फरक पडतो, ७६७ किंवा ७७७ वर गेलं तर पडत नाही.

करारातली ही एक ओळ वरवर हिशेबी वाटते, पण तिचा परिणाम खोल आहे. सगळीकडे दर सारखा असेल तर लोक पैशासाठी विमानं बदलत नाहीत, घराजवळचा बेस आणि झोपेची वेळ बघून निवडतात. प्रशिक्षणाची साखळी आपोआप लहान राहते.

डावीकडून उजव्या खुर्चीत यावं लागलं तर मात्र फटका मोठा. को-पायलटचा दर कॅप्टनच्या दराच्या साधारण दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. पन्नाशीत, मुलांचं कॉलेज चालू असताना एवढी घट सोसणं सोपं नाही. त्याहून जास्त बोचते ती दुसरी गोष्ट: काल ज्याच्या शब्दावर विमान निघत होतं, त्याने आज दुसऱ्याच्या निर्णयाची वाट बघायची.

तिसरी खुर्ची

या सगळ्यात मला सर्वात जास्त अस्वस्थ करणारी कथा जुन्या तीन-खुर्च्यांच्या विमानांची आहे.

बोइंग ७२७, डीसी-८, डीसी-१० या विमानांच्या कॉकपिटमध्ये कॅप्टन आणि को-पायलटच्या मागे, बाजूच्या भिंतीकडे तोंड करून तिसरा माणूस बसायचा: फ्लाइट इंजिनिअर. इंधन, वीज, हवेचा दाब यांचे काटे बघणं आणि बटणं चालवणं हे त्याचं काम. मालवाहतुकीत ही विमानं प्रवासी कंपन्यांपेक्षा खूप जास्त काळ टिकली. कारण साधं होतं. मालवाहू विमान दिवसातून थोडेच तास उडतं. त्याचं बहुतेक काम म्हणजे रात्री माल गोळा होतो त्या केंद्रावर येणं आणि पहाटे तिथून निघणं. कमी उडणाऱ्या विमानावर जास्त इंधन जळलं तरी चालतं, विमान स्वस्तात मिळालं की झालं.

या तिसऱ्या खुर्चीतून दोन वेगवेगळ्या पिढ्यांना आधार मिळायचा. नवा वैमानिक तिथून सुरुवात करायचा आणि दोन अनुभवी माणसांच्या मागे बसून वर्षभर बघत शिकायचा. आणि दुसऱ्या टोकाला, अमेरिकेत डिसेंबर २००७ पर्यंत कंपनीच्या विमानाच्या वैमानिकाला ६० व्या वर्षी थांबावं लागायचं, पण तो नियम फ्लाइट इंजिनिअरला लागू नव्हता. साठी गाठलेला कॅप्टन त्यामुळे मागच्या खुर्चीत जाऊन आणखी काही वर्षं उडू शकायचा. पुढे वयोमर्यादा ६५ झाली.

फेडएक्सने आपलं शेवटचं ७२७ जून २०१३ मध्ये उतरवलं. त्याजागी ७५७ आली: जास्त माल, कमी इंधन आणि दोनच खुर्च्या. विमानांची संख्या तेवढीच राहिली असती तरी कॉकपिटमधल्या जागा एक-तृतीयांशाने घटल्या असत्या. डीसी-१० च्या बाबतीत तर याहून विलक्षण गोष्ट घडली. फेडएक्सने ती विमानं टाकून न देता त्यांचं कॉकपिटच बदललं, तिसरी खुर्ची काढली आणि त्यांना एमडी-१० असं नवं नाव मिळालं. कॉकपिट एमडी-११ शी इतकं मिळतंजुळतं केलं की एकाच रेटिंगवर वैमानिक दोन्ही विमानं उडवू लागले. पंख तेच, इंजिनं तीच, आकाशही तेच, आणि एक व्यवसाय मात्र संपला. एमडी-१० ही २०२२ च्या अखेरीस निवृत्त झाली.

यूपीएसचं डीसी-८ २००९ मध्ये गेलं. आज नवी मालवाहू विमानं बांधली जातात ती सगळी दोन खुर्च्यांची. लुईव्हिलच्या त्या दुर्दैवी विमानात तीन वैमानिक होते ते वेगळ्या कारणाने. होनोलुलूची फेरी आठ तासांहून लांब, आणि अमेरिकी नियमांनुसार आठ तासांच्या पुढच्या उड्डाणाला तिसरा वैमानिक लागतो. बाराच्या पुढे चार.

यातूनच उलटी बाजूही दिसते. नवं विमान जास्त लांब उडणारं असेल तर वैमानिक वाढूही शकतात. एमडी-११ भरगच्च माल घेऊन आशियातून थेट अमेरिकेच्या मध्यभागी पोहोचत नसे. ते अलास्कातल्या अँकरेजला इंधनासाठी उतरायचं आणि तिथे वैमानिकांची जोडी बदलायची. बोइंग ७७७ आल्यावर २०१० पासून फेडएक्स शांघायहून मेम्फिसला, म्हणजे अमेरिकेतल्या आपल्या मुख्य केंद्राला, थेट जाऊ लागली. अशा फेरीवर चार वैमानिक बसतात. विमानाचं इंधन वाचलं, एका फेरीतली माणसं वाढली, आणि अँकरेजमध्ये घर घेऊन राहिलेल्या वैमानिकाला आपल्या बेसचं भवितव्य काय असा विचार पडला. म्हणजे फायदा-तोट्याचं एकच उत्तर काढता येत नाही. विमान किती लांब जातं, किती माल नेतं, आणि त्यामुळे फेऱ्या किती कमी होतात, या तिन्हीचा हिशेब मांडावा लागतो.

विमान तेच, गिऱ्हाईक गेलं

अनेकदा ताफा बदलण्याचं मूळ विमानात नसतंच. फेडएक्स २००१ पासून अमेरिकी टपाल खात्याचा माल नेत होती. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस तो करार संपला आणि मुख्य काम यूपीएसकडे गेलं. टपालाची बरीच वाहतूक दिवसा व्हायची, म्हणजे रात्रीच्या कुरिअरनंतर रिकामी राहणारी विमानं दिवसा त्या कामाला जुंपलेली असायची. ते तास गेले, तेव्हा विमानांबरोबर वैमानिकही जास्त झाले. त्याच्या आदल्या वर्षीच, २०२३ मध्ये, फेडएक्सने आपल्या वैमानिकांना अमेरिकन एअरलाइन्सच्या एका छोट्या उपकंपनीत जाण्याची वाट सुचवली होती. तिथून पुढे मुख्य प्रवासी कंपनीत जाता येईल अशी ती सोय. ज्येष्ठतेचा क्रमांक सोडून पुन्हा तळापासून सुरुवात करा, असा त्याचा साधा अर्थ होता. जगातल्या सर्वोत्तम समजल्या जाणाऱ्या नोकऱ्यांपैकी ही एक, आणि तिथे हा सल्ला मिळाला.

यूपीएसला टपाल मिळालं, पण जानेवारी २०२५ मध्ये तिने स्वतःच जाहीर केलं की ॲमेझॉनचा माल आपण २०२६ च्या मध्यापर्यंत निम्म्याहून कमी करणार. एका दाराने माल आला आणि दुसऱ्या दाराने गेला. त्यात एमडी-११ चा अपघात.

ओहायो राज्यातल्या विल्मिंग्टन गावाची हकीकत मी याआधी सांगायला हवी होती इतकी ती महत्त्वाची आहे. डीएचएल या कुरिअर कंपनीने नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेतली देशांतर्गत सेवा बंद करण्याची घोषणा केली. तिचं केंद्र विल्मिंग्टनला होतं आणि माल नेणाऱ्या दोन कंपन्या होत्या: एबीएक्स एअर आणि ॲस्टार. गाव आणि आसपासच्या हजारो लोकांची कामं गेली. पण दोन कंपन्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. एबीएक्सकडे ७६७ होती. त्या विमानाला जगात मागणी होती, तिला दुसरी कामं मिळत गेली, आणि २०१६ मध्ये ॲमेझॉनने स्वतःचा माल हवाईमार्गे न्यायचं ठरवलं तेव्हा एबीएक्सच्या मूळ कंपनीशीच करार केला, तोही ७६७ साठी. ॲस्टारकडे मुख्यतः डीसी-८ आणि ७२७ होती. तिला दुसरं गिऱ्हाईक सापडलं नाही, २०१२ मध्ये ती बंद पडली. वैमानिक दोन्हीकडचे सारखेच कुशल होते. कोणाच्या हाताखाली कोणतं विमान होतं, एवढ्यावर पुढची आयुष्यं वेगळी झाली.

२०२५ मध्येही हेच दिसलं. एमडी-११ जमिनीवर बसली तेव्हा यूपीएस आणि फेडएक्सकडे इतर जातींची भरपूर विमानं होती, त्यांनी वैमानिकांना सांभाळून घेतलं. वेस्टर्न ग्लोबल नावाच्या छोट्या कंपनीने मात्र एमडी-११ च्या वैमानिकांना लगेच फर्लोवर पाठवलं. एकच सरकारी आदेश, एकच विमान, आणि कंपनी किती मोठी यावर पगार चालू राहणार की बंद होणार हे ठरलं.

पुढचा मोठा बदल तर तारखेसकट जाहीर आहे. बोइंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं की मालवाहू ७६७ चं उत्पादन २०२७ मध्ये थांबणार. आज एमडी-११ च्या वैमानिकांना जे विमान आसरा देतंय, त्याचीही नवी प्रत त्यानंतर मिळणार नाही. अर्थात बांधलेली विमानं अजून वीस-पंचवीस वर्षं सहज उडतील, पण आज पंचविशीत रुजू होणाऱ्या वैमानिकाच्या नोकरीत किमान एक तरी असा बदल ठरलेलाच आहे.

आपल्याकडे

भारतात मालवाहू विमान कंपन्या मोजक्या, ताफे लहान, आणि म्हणूनच विमानाची जात निवडणं इथे वैमानिकासाठी आणखी नाजूक बाब आहे.

मुंबईत मुख्यालय असलेल्या ब्लू डार्टची विमान कंपनी १९९६ मध्ये बोइंग ७३७-२०० घेऊन सुरू झाली. पुढे ७५७ आली, आणि अलीकडे ७३७-८०० ही आली. आता ७५७ च्या कॅप्टनच्या जागी स्वतःला ठेवून बघा. बोइंगने ७५७ चं उत्पादन २००४ मध्येच थांबवलं. भारतीय कंपन्यांत हे विमान उडवणारी ब्लू डार्ट एकटीच. त्या रेटिंगवर देशात दुसरी नोकरी नाही. याउलट ७३७-८०० चं रेटिंग असेल तर एअर इंडिया एक्सप्रेस, स्पाइसजेट, आणि थोड्या फरकाच्या प्रशिक्षणानंतर आकासा, असे दरवाजे समोर असतात. एकाच कंपनीत, एकाच पगारावर, शेजारशेजारच्या दोन विमानांवर काम करणारे हे दोघे वैमानिक बाजारात अगदी वेगळ्या ठिकाणी उभे आहेत.

इंडिगोने २०२२ च्या अखेरीस मालवाहतुकीसाठी ए३२१ आणलं, तेव्हा ही अडचण मुळातच टाळली. ते विमान तिच्या प्रवासी विमानांच्याच कुटुंबातलं, त्यामुळे प्रवासी नेणाऱ्या वैमानिकांतूनच मालवाहू विमानाला माणसं देता येतात. मालाचा धंदा उद्या मंदावला तरी त्या वैमानिकांना परत प्रवासी फेऱ्या आहेत. माझ्या मते भारतासारख्या ठिकाणी वैमानिकाच्या दृष्टीने ही सर्वात सुरक्षित मांडणी आहे.

उलट उदाहरण आपल्या नागपूरचं आहे. एअर डेक्कनवाले कॅप्टन गोपीनाथ यांनी २००९ मध्ये डेक्कन ३६० ही मालवाहू कंपनी सुरू केली. कल्पना अगदी रास्त होती: देशाच्या मध्यावर नागपूर, रात्री सगळीकडून माल तिथे यावा, वर्गवारी होऊन पहाटे परत जावा. मेम्फिसमध्ये फेडएक्स नेमकं हेच करते. मोठ्या फेऱ्यांसाठी त्यांनी एअरबस ए३१० घेतली होती. कंपनी काही वर्षांतच बंद पडली, आणि ए३१० चं रेटिंग घेऊन बसलेल्या वैमानिकापुढे भारतात पर्याय जवळजवळ उरला नाही. अमेरिकेतल्यासारखी फर्लोची आणि परत बोलावण्याची रीत आपल्याकडे रुळलेली नाही. कंपनी बुडाली की यादीही बुडते.

त्यातच आपल्याकडे टाइप रेटिंगचा खर्च अनेकदा वैमानिक स्वतः करतो, लाखांच्या घरातला. कंपनीने केला तर काही वर्षांचा बॉण्ड लिहून घेतला जातो. शिवाय २०१७ पासून डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाच्या, नियमानुसार नोकरी सोडताना कॅप्टनला एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. प्रवाशांची गैरसोय होऊ नये म्हणून हा नियम आणला, पण ताफा आटतोय हे दिसत असलेल्या वैमानिकाला वेळेत बाहेर पडणं त्यामुळे फार अवघड होतं. सूचना द्यायची सक्ती एका बाजूला आहे, तर ताफा बदलणार असल्याची तेवढीच आगाऊ सूचना कंपनीनेही द्यावी अशी सक्ती असायला हवी. हे मी मनापासून म्हणतो.

डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळ सुरू झाला. मालवाहतुकीसाठी तिथे मोठी जागा राखली आहे, आणि येत्या काही वर्षांत आपल्या भागातल्या मुलामुलींना मालवाहू कंपन्यांच्या नोकऱ्या समोर येतील अशी चांगली शक्यता आहे. तुमच्या घरातलं कोणी त्या वाटेवर असेल, तर नियुक्तीपत्रावर सही करण्याआधी काही गोष्टी विचारून घ्यायला सांगा. कोणत्या विमानावर बसवणार, आणि ते रेटिंग देशातल्या आणखी किती कंपन्यांत चालतं? त्या जातीची किती विमानं कंपनीकडे आहेत, स्वतःची की भाड्याची, आणि भाड्याचा करार कधी संपतो? सगळा माल एकाच गिऱ्हाइकाचा तर नाही? कंपनीने विमानच बदललं तर नव्या रेटिंगचा खर्च कोण करणार? आणि ते विमानच कंपनीने ताफ्यातून काढून टाकलं तर बॉण्डची उरलेली रक्कम माफ होते का? हे शेवटचं उत्तर तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या.